'असूनही' नको

आमचे भांडण एका शब्दाशी आहे. शब्द साधा, रोजच्या वापरातला आणि बहुतेक वेळा प्रेमाने उच्चारला जाणारा आहे. तो म्हणजे 'असूनही'. मुसलमान असूनही त्याने गणपतीच्या मिरवणुकीत पाणी वाटले. मुसलमान असूनही त्याने बेवारस हिंदू वृद्धाच्या तिरडीला खांदा दिला. मुसलमान असूनही रिक्षात राहिलेली दागिन्यांची पिशवी त्याने परत नेऊन दिली. दर महिन्या-दोन महिन्यांनी अशी एखादी बातमी चौकटीत छापून येते. वर 'माणुसकीचा झरा' किंवा 'सलोख्याचे दर्शन' असे शीर्षक असते. पूर्वी आमचे हिंदू मित्र ती कापून आणून देत, आता मोबाइलवर पाठवतात. पाठवणाऱ्याच्या मनात काळेबेरे नसते. आमच्याबद्दल काही चांगले छापून आले याचा त्याला खरोखरच आनंद झालेला असतो. त्याला आम्ही काय उत्तर द्यावे? 'आभारी आहोत' म्हणावे, तर कशाबद्दल? रिक्षावाल्याने पिशवी परत केली ती आमच्या वतीने नव्हे. त्याला ती आपली नाही एवढे ठाऊक होते, म्हणून केली.

शिवी देणाऱ्याशी भांडता येते. पाठ थोपटणाऱ्याचा हात कसा बाजूला करायचा, हे मात्र अवघड असते. केला तर उद्धटपणा ठरतो. 'बघा, यांना चांगले म्हटलेलेही चालत नाही' असे ऐकावे लागते. म्हणून या शब्दावर फारसे कोणी लिहीत नाही. आम्ही लिहितो आहोत, कारण हा प्रश्न मुसलमानांच्या मानपानाचा नाही. आडरस्त्यात अनोळखी माणूस आपल्यासाठी थांबतो, त्याचे आपण काय करतो, असा हा प्रश्न आहे. आणि ते आपण फार वाईट करतो, असे आमचे म्हणणे आहे.

परक्याने केलेला उपकार अनपेक्षित असतो यात नवल नाही. भावाने मदत केली तर ते त्याचे कर्तव्य मानतो, न केली तर चार लोकांत बोलून दाखवतो. परक्यावर असा कोणताच हक्क नसतो. तो निघून गेला असता तरी त्याला कोणी विचारणार नव्हते. म्हणून तर त्याची आठवण राहते. पण 'अनपेक्षित' या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि आपण ते सरमिसळ करतो. त्याचे-आपले काही देणेघेणे नव्हते तरी तो थांबला, हा एक अर्थ. त्याच्यासारख्यांकडून हे अपेक्षित नव्हते तरी तो थांबला, हा दुसरा. पहिल्यात घेणारा स्वतःला थोडा लहान मानतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. दुसऱ्यात घेणारा रस्त्यावर रक्तबंबाळ पडलेला असूनसुद्धा परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि वाचवणाऱ्याला गुण देतो. तिथे कृतज्ञतेची जागा शाबासकीने घेतलेली असते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. लोकल बंद पडल्या, गाड्या बुडाल्या आणि लाखो माणसे गुडघाभर, कमरेभर पाण्यातून चालत घराकडे निघाली. रस्त्याकडेच्या चाळींतून, झोपड्यांतून माणसे बाहेर आली. त्यांनी दोर बांधले, उघड्या गटारांशेजारी उभे राहून वाट दाखवली, चहा-बिस्किटे दिली, परक्या बायकांना घरात झोपायला जागा दिली. ज्यांचे स्वतःचे पीठमीठ भिजून गेले होते अशा घरांतूनही चहा आला. त्या रात्री कोणी कोणाला नाव विचारले असेल, तर हाक मारण्यापुरतेच. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००६ रोजी, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मेली. रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि त्यांच्या झोळ्या करून जखमींना उचलू लागले. अंथरुणावरची चादर गरिबाच्या घरात दोन-चारच असतात. त्या परत मिळतील अशा आशेने कोणी दिल्या नव्हत्या. पण मग चर्चा सुरू झाली की 'मुसलमानांनीसुद्धा' जखमींना मदत केली, 'मुसलमानांनीसुद्धा' रक्त दिले. 'सुद्धा' हा 'असूनही'चा धाकटा भाऊ. वरकरणी गोड, पण स्वभाव तोच.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तेव्हा रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षात बसून प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडायचे ते सांगत राहिले. ज्यांचे प्राण वाचले त्यांनी त्यांचा चेहरा पाहिला नव्हता, फक्त आवाज ऐकला होता. झेंडे यांच्याविषयी बोलताना 'अमुक असूनही' असे कोणी म्हणत नाही. म्हणायचे कारणच नाही. एका माणसाने प्रसंगावधान राखले, शेकडो जीव वाचले, आपण त्यांचे ऋणी आहोत, एवढे पुरते. आमची मागणी याहून जास्त नाही. कमीही नाही.

२०२० चे साल तर सर्वांना आठवत असेल. त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये हातगाडीवर भाजी घेऊन आलेल्याला नाव विचारून गल्लीतून परत पाठवल्याच्या बातम्या देशभरातून येत होत्या. आणि त्याच साथीत, घरचे लोक जवळ यायला धजावत नव्हते तेव्हा, अनेक शहरांत मुस्लिम तरुणांच्या गटांनी हिंदू मृतदेह स्मशानात नेऊन अंत्यसंस्कार केले. त्याही बातम्या आल्या, 'असूनही'सकट. एकीकडे नाव विचारून भाजी नाकारायची आणि दुसरीकडे नाव विचारून कौतुक करायचे. दोन्हीकडे प्रश्न एकच होता, आणि तो टोमॅटोंबद्दल नव्हता की मृतदेहाबद्दलही नव्हता.

वाद नुसत्या बातम्यांवर चालवणे बरे नव्हे, म्हणून आमच्या घरातली एक हकिगत सांगतो. २००९ च्या दसऱ्याच्या दोन दिवस आधीची रात्र. आमचे मामू मोटारसायकलवरून टेंभुर्णीहून इंदापूरकडे येत असताना मागून कुठल्याशा वाहनाने उडवले. वाहन थांबले नाही. मामू रस्त्याच्या कडेला तासभर पडून होते. शुद्ध येत-जात होती. गाड्यांचे दिवे अंगावरून जात होते, एखादी गाडी जरा हळू व्हायची आणि पुन्हा वेग घ्यायची, एवढे त्यांना आठवत होते. शेवटी एक टेम्पो थांबला. झेंडू भरलेला, पुण्याच्या गुलटेकडी मार्केटला निघालेला. चालकाने क्लीनरच्या मदतीने मामूंना उचलले, मागची पोती सरकवून जागा केली आणि फुलांवरच झोपवले. गावातल्या खासगी दवाखान्यात आणले. तिथे पहिला प्रश्न आला, 'तुमचे कोण लागतात?' तो म्हणाला, 'कोणी नाही.' त्यावर दुसरा प्रश्न, 'मग पैसे कोण भरणार?' त्याने खिशातले डिझेलचे पैसे काढून दिले. दवाखान्याने पोलिसांना कळवले, ते योग्यच होते. पोलिसांनी मात्र टेम्पोचे पुढचे बंपर बॅटरीच्या उजेडात न्याहाळले आणि चालकाला ठाण्यात बसवून घेतले. 'तुझा हात नाही तर आणलास कशाला?' हा त्यांचा तर्क. सकाळी दहापर्यंत तो तिथेच होता.

दसऱ्याच्या तोंडावर झेंडूच्या बाजाराचे गणित ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते दहा वाजणे म्हणजे काय ते सांगायला नको. पहाटेचा भाव वेगळा, दुपारचा वेगळा. आणि रात्रभर दाबून पडलेल्या फुलाला, त्यातही ज्यावर माणसाचे रक्त सांडले आहे त्या फुलाला, कसला भाव? आम्ही सोलापूरहून पोहोचलो तोवर तो गेला होता. मामूंचा जीव वाचला; अजून अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होते, असे डॉक्टरच म्हणाले. आम्ही दवाखान्याची वही पाहिली. तिथे 'अनोळखी इसमाने आणले' एवढीच नोंद. ठाण्यात गेलो, तर 'जबाब झाला, विषय संपला, आता त्याचे काय करता' म्हणून वाटेला लावले. फुलबाजारात दोन-तीन आडत्यांकडे चौकशी केली. दसऱ्याच्या आठवड्यात झेंडूचे किती टेम्पो येतात, असे त्यांनीच उलट विचारले. नाव नाही, गाव नाही, डिझेलचे पैसे परत करायला पत्ता नाही.

ही गोष्ट आम्ही जिथे जिथे सांगितली तिथे एक प्रश्न हमखास आला. मोहल्ल्यात विचारले, 'कौन था? अपनेमेंका था क्या?' कचेरीत विचारले, 'तुमच्यातलाच होता का?' दोन्हीकडे विचारणाऱ्यांचे डोळे एकसारखे चमकत असत. आपला निघाला तर अभिमान वाटायचा आणि दुसऱ्यांचा निघाला तर गहिवरून यायचे, अशी दोन्ही भांडी तयार ठेवलेली. आमची मामी यावर एकच उत्तर द्यायची, 'फुलवाला था.' मामू पुढे बारा वर्षे जगले आणि ईदच्या नमाजनंतर दुआ मागताना त्या झेंडूवाल्याला विसरले नाहीत. नाव ठाऊक नसल्याने दुआ अडली असेल, असे त्यांना कधी वाटले नाही.

त्या चालकावर जे बेतले त्याला पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि संसदेने उत्तर दिले, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. जखमीवर आधी उपचार, कागदपत्रे नंतर, हे तर न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले होते, आणि ते सरकारी व खासगी अशा सर्वच डॉक्टरांना लागू केले होते. म्हणजे आमच्या प्रसंगाच्या वीस वर्षे आधी. पण जखमीला घेऊन येणाऱ्याचे काय? 'सेव्हलाइफ फाउंडेशन' या संस्थेच्या याचिकेवरून केंद्राने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बंधनकारक केले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आले. चांगल्या हेतूने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक राहून जखमीला इजा झाली किंवा तो दगावला तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येणार नाही, असे ते कलम सांगते. २०२० च्या सप्टेंबरअखेर त्याचे नियम निघाले.

हे नियम आम्ही मुद्दाम वाचले. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. मदत करणाऱ्याला धर्म, राष्ट्रीयत्व, जात वा लिंग यांवरून भेदभाव न करता सन्मानाने वागवावे, ही एक. आणि पोलिसांनी किंवा अन्य कोणीही त्याला नाव, ओळख, पत्ता सांगण्याची सक्ती करू नये, ही दुसरी. त्याला वाटले तर तो सांगेल. सरकारी नियमांची भाषा कोरडी असते, तिच्यात कवित्व शोधू नये. पण या देशात नाव म्हणजे काय, ते ज्यांनी घर भाड्याने शोधताना अनुभवले आहे त्यांनी हा नियम सावकाश वाचावा. परोपकारी माणसाला निनावी राहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. जो हक्क पोलिसांपासून मिळवायला इतकी वर्षे लागली, तो आपण वाचक, पत्रकार आणि गहिवरणारे मित्र एका मथळ्यात काढून घेतो. ठाण्यात नाव सांगायला नकार देता येतो. मथळ्याला नकार कसा देणार?

आता सरकारचीही गंमत पाहा. मोबदल्याची अपेक्षा नसलेल्याला संरक्षण देणारा कायदा करून दोन वर्षे होतात न होतात तोच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, जखमीला तातडीने दवाखान्यात नेणाऱ्यास ५,००० रुपये देण्याची योजना आली. २०२५ मध्ये ती रक्कम २५,००० केली गेली. बक्षिसाला आमचा विरोध नाही. ज्याचा झेंडू सडला त्याला पैसे मिळावेत, हे आम्ही नाही म्हणणार तर कोण म्हणणार? पण ते त्याच्या नुकसानीचे म्हणून द्या. आणि बक्षीस घ्यायचे तर पुन्हा नाव-गाव, बँक खाते आणि जिल्ह्याच्या समितीची मोहोर आलीच. असो.

या कायद्यात मदत करणाऱ्याला इंग्रजीत जे नाव दिले आहे ते 'गुड समॅरिटन', आणि आमच्या वादाचे मूळ तिथपर्यंत जाते. गोष्ट बायबलातली आहे, मराठी बायबलात त्याला 'शोमरोनी' म्हटले आहे. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या वाटसरूला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकले. एक याजक बाजूने निघून गेला, एक लेवी निघून गेला. मग एक शोमरोनी आला. त्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उताऱ्याच्या जागी नेले आणि तिथल्या माणसाच्या हातावर दोन दिनार ठेवून 'जास्त खर्च झाला तर परत येताना देईन' असे सांगितले. आमच्या टेम्पोवाल्याचे आणि त्याचे नाते यापरते काय सांगावे? पण या गोष्टीत त्याला नाव नाही. आहे ती फक्त जमात. आणि ती जमात गोष्ट ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने हलकी, बाटगी, जिच्या हातचे पाणी नको अशी. येशूने ती निवडली ती ऐकणाऱ्यांचा ताठा मोडण्यासाठी. 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नाचे ते उत्तर होते. दोन हजार वर्षांत झाले काय, तर ताठा राहिला आणि शब्द झिजला. 'चांगला शोमरोनी' हे विशेषण झाले, आणि त्यातला 'चांगला' हा शब्दच सांगतो की बाकीचे तसे नव्हते! शोमरोनी अजून आहेत. नाब्लुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर आणि इस्राएलमधल्या होलोन शहरात मिळून आठ-नऊशे माणसे उरली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याने वाटेत पडलेल्याला उचलले तर ऐकणारे काय म्हणत असतील, याची कल्पना करून पाहावी.

हा रोग एकाच बाजूला आहे असे मानायचे कारण नाही. आपल्या जमातीतही काहीजण अशा कात्रणांची फाइल ठेवतात आणि कोणी आरोप केला की पुरावा म्हणून पुढे करतात. पूरग्रस्तांना रेशनचे किट देताना घेणाऱ्याच्या कपाळावरचे कुंकू फोटोत येईल असा कोन साधतात. हे करणाऱ्यांची अगतिकता आम्हाला कळते. ज्याच्यावर सतत संशय असतो तो पावत्या जपून ठेवतो. पण घेणाऱ्या बाईचा पदर तोंडावर का जातो, तेही त्यांनी पाहावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांच्या छब्यांचे स्टिकर लागले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने नावे ठेवली. जमातीचा फलक लावून वाटलेला तांदूळ त्याहून फार वेगळा नसतो. 'नेकी कर, दरिया में डाल' ही म्हण आपल्या घराघरांत आहे. दरियाचा फोटो काढा, असे तिच्यात कुठेच म्हटलेले नाही.

आणि जे दीनचा हवाला देऊन 'त्यांचे' उपकार मानायला कचरतात त्यांनी सीरतमधला मुत्इम बिन अदीचा प्रसंग आठवावा. ताइफहून दगड खाऊन, रक्ताळलेल्या पायांनी परतलेल्या प्रेषितांना मक्केत पाऊल टाकण्यासाठी कोणातरी सरदाराचा आश्रय हवा होता. दोघांनी नकार दिला. मुत्इमने होकार दिला, मुलांना हत्यारे घेऊन उभे केले आणि काबागृहात जाहीर केले की हा माणूस माझ्या संरक्षणात आहे. मुत्इम मुसलमान नव्हता आणि पुढेही झाला नाही. बदरच्या लढाईपूर्वी तो वारला. त्या लढाईत मक्केवाल्यांचे सत्तरेक कैदी हाती आले तेव्हा प्रेषितांनी बोलून दाखवले की आज मुत्इम जिवंत असता आणि त्याने शब्द टाकला असता, तर यांना मी त्याच्याखातर सोडून दिले असते. उपकार करणाऱ्याच्या श्रद्धेचा तिथे उल्लेखही नाही. शत्रूच्या सत्तर माणसांची सुटका एका मेलेल्या माणसाच्या ऋणापोटी देऊ करणारी ही कृतज्ञता आमच्या बाळबोध वयात आम्हाला शिकवली गेली. तिच्यात 'असूनही' बसवायला जागा नाही.

आमच्या म्हणण्याला एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. काही जाणती माणसे म्हणतात, दिवस असे आले आहेत की द्वेषाच्या बातम्या नाव घेऊनच पसरतात. मग प्रेमाच्या बातम्यांतून नाव काढून टाकले तर विषाला उतारा कुठून मिळणार? दंगलीच्या बाबतीत आम्ही हे मान्य करतो. १९९२-९३ च्या मुंबईत माणसे नाव विचारून मारली गेली. तिथे ज्याने दुसऱ्या नावाच्या माणसाला पोटमाळ्यावर लपवले त्याने त्या नावाच्या राजकारणालाच नकार दिला. त्याची गोष्ट नावे वगळून सांगणे म्हणजे त्याने पत्करलेला धोका वगळणे. मात्र अशा ज्या थोड्या माणसांशी आमचे बोलणे झाले त्यांनी एकच अट घातली होती, 'आमचे नाव कुठे घालू नका.' त्यांना त्याच गल्लीत राहायचे होते. म्हणजे जिथे जमातीचे नाव सांगायला अर्थ आहे तिथे माणूस ते झाकून मागतो, आणि जिथे काही अर्थ नाही, रिक्षात पिशवी राहिली आणि परत मिळाली, तिथे आपण ते ठळक टाइपात छापतो.

उताऱ्याचे म्हणाल, तर तो लागू पडल्याचे आम्हाला दिसलेले नाही. बातमी नेहमी अपवादाची होते. पोस्टमनने पत्र पोहोचवले, याची बातमी होत नाही. एखाद्या जमातीच्या साध्या भलेपणाची बातमी होऊ लागली, की वाचणाऱ्याच्या मनात नियम कोणता ठसतो? शंभर 'असूनही' वाचलेला माणूस एकशे एकाव्या मुसलमानाकडे विश्वासाने पाहत नाही. हाही त्या शंभरांतला निघतो का, हे तो तपासत राहतो.

साहित्यिकांनी वर्तमानपत्रांना नावे ठेवून मोकळे होऊ नये. मराठी कथा-कादंबरीत आणि हिंदी सिनेमात 'चांगला मुसलमान' हे पात्र वर्षानुवर्षे राबते आहे. १९७५ च्या 'शोले'तले आंधळे इमामसाहेब आठवा. पोटचा मुलगा गमावूनही ते गावाला धीर देतात. प्रेक्षक रडतो, आम्हीही रडलो. पण त्या धाटणीचे चाचा पुढे इतके झाले की दाढीवाले म्हातारे पात्र दिसले की आता हे कोणासाठी तरी मरणार, हे पोरांनाही कळू लागले. त्याला चिडायची, कंजूषपणा करायची, सुनेशी भांडायची मुभा नाही. आमच्या मुस्लिम मराठी कथांतही त्याचा जुळा भाऊ आहे. दंगलीच्या रात्री दार उघडणारा शेजारचा पाटील, जो दुसरे काहीच करत नाही. त्याला शेत नाही, कर्ज नाही, बायकोशी बोलणे नाही. कथेत तो फक्त भला असतो. ही माणसे माणसे वाटत नाहीत कारण ती प्रमाणपत्रे म्हणून लिहिली जातात. ज्याला आपण ऋणी आहोत त्याला निदान चार दुर्गुण तरी द्यावेत. आमच्या टेम्पोवाल्याने वाटेत क्लीनरला, रस्त्याला आणि सरकारला मिळून ज्या शिव्या घातल्या त्या मामूंना शेवटपर्यंत पाठ होत्या, आणि त्यांनी त्या कधी गाळून सांगितल्या नाहीत.

राहता राहिले २०२० चे नियम. त्यांतच असेही आहे की प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाने मदत करणाऱ्याच्या हक्कांची सनद हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत प्रवेशद्वारापाशी किंवा सहज दिसेल अशा जागी लावावी. स्थानिक भाषा म्हणजे आपल्याकडे मराठी. आम्ही मध्यंतरी कामानिमित्त चार जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत गेलो. दरांचे फलक होते, 'डॉक्टरांवर हल्ला हा गुन्हा आहे' असे फलक होते, गणपतीचे आणि साईबाबांचे फोटो होते, एके ठिकाणी आयतुल कुर्सीही होती. ही सनद आम्हाला एकाच ठिकाणी दिसली, इंग्रजीत, पाणी भरायच्या कूलरच्या मागे. वाचकांनी आपापल्या गावच्या दवाखान्यात जाऊन पाहावे. पाटी नसेल तर काउंटरवर विचारावे की ती कुठे आहे. बहुधा आतला माणूस मान वर करून आधी तुमचे नाव विचारील.